बिल कोण लिहितं?

मागच्या महिन्यात आत्या माझ्याकडे राहायला आली होती. ती पौडच्या पुढच्या एका गावात राहते. तिला घेऊन हिंजवडीजवळच्या एका मोठ्या दुकानात महिन्याचा किराणा भरायला गेले. काउंटरवर भली मोठी रांग होती, म्हणून आम्ही कोपऱ्यातल्या मशीनकडे वळलो. तिथे कॅशियर नसतो. आपणच एकेक वस्तू लाल उजेडासमोर धरायची, 'पिक्' आवाज आला की ती बिलात चढते, शेवटी मोबाइलवरून पैसे द्यायचे. साबण, चहा, तूरडाळ झाली. तेलाची पिशवी मात्र काही केल्या वाचली जाईना. दोन-तीनदा फिरवली, तेवढ्यात वरचा दिवा लाल झाला. एक मुलगी आली, तिचं कार्ड लावून गेली. पैसे दिले, पावती निघाली. दारात वॉचमनने पावती मागितली, ट्रॉलीत डोकावला आणि पावतीवर पेनाने रेघ मारली.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "आगं, बिल तूच केलंस ना? मग त्यो काय बगत होता?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तोवर ती कट्ट्यावर बसून पावतीवर बोट फिरवायला लागली होती. तिला अक्षरं जेमतेम येतात, आकडे मात्र पक्के. तेल दोनदा लागलं होतं.

आम्ही परत गेलो, पैसे परत मिळाले, काही कटकट झाली नाही. पण घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. वाण्याने तेल दोनदा लिहिलं असतं, तर आपण म्हणालो असतो, फसवलं. मी दोनदा लिहिलं, म्हणून ती माझी चूक. आणि एकदाही लागलं नसतं, तर दारात तिला चोरी म्हणाले असते. पिशवी तीच, मशीन तेच, हातही माझाच. मग हा फरक आला कुठून?

माझी पीएचडी साधारण याच प्रश्नाभोवती फिरते. पुणे जिल्ह्यात देणं-घेणं कागदावर कोण लिहीत होतं, ते कोण तपासत होतं आणि संशय कोणावर घेतला जात होता, हे मी शोधते. "दुकानाच्या बिलात कसला आलाय इतिहास?" असं नातेवाईक विचारतात. त्यांच्यासाठी ही पोस्ट.

सुपे, 1875

सुरुवात मुळशीपासून लांब, पण याच जिल्ह्यात करावी लागते. 12 मे 1875 रोजी सुप्याला बाजार भरला होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज ते बारामती तालुक्यात येतं. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं गाठली. पुढचे काही आठवडे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडलं. इतिहासाच्या पुस्तकात आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणून वाचलेलं असतं.

दंगेखोरांना काय हवं होतं? कागद. कर्जरोखे, खतं, कोर्टाचे हुकूमनामे. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेच नोंदवलंय की सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तर सहसा पुढे काही होत नसे. कागद जाळायचे आणि निघून जायचं.

हा राग कागदावरच का, हे समजायला त्या काळचं दुकान डोळ्यांपुढे आणावं लागतं. गावात वाणी आणि सावकार बऱ्याचदा एकच माणूस असे. पेरणीला बी त्याच्याकडून, उन्हाळ्यात दाणे त्याच्याकडून, लग्नाला कापड आणि पैसेही त्याच्याकडूनच. हे सगळं त्याच्या वहीत, त्याच्या हाताने लिहिलं जाई, मोडीत किंवा गुजराती-मारवाडी वळणाच्या लिपीत. शेतकऱ्याचा वाटा काय, तर अंगठा. काय लिहिलंय हे त्याला वाचता येत नसे आणि त्या लेखनाची नक्कलही त्याच्या घरी नसे. कोर्टात मात्र तोच कागद बोलायचा.

पावतीचा हक्क

दंग्यानंतर चार वर्षांनी, 1879 मध्ये, 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला, म्हणजे मुळशीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यालाही. या कायद्याची चर्चा बहुतेक वेळा व्याज, जमीन आणि कोर्ट यांच्यापुरतीच होते. मला त्यातली साधी, हिशोबाची कलमं जास्त महत्त्वाची वाटतात.

एक, शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिला गेला पाहिजे. दोन, पैसे फेडले की लेखी पावती मिळाली पाहिजे. तीन, शेतकऱ्याने मागितला तर वर्षाचा हिशोब आणि पासबुक द्यायला हवं. थोडक्यात, लिहिणारा एकटा नको आणि लिहिलेल्याची एक प्रत देणेकऱ्याच्या घरात हवी. आज दुकानातून मिळणारी पावती आपण चुरगाळून टाकतो, पण ती मिळणं हा कधीकाळी कायद्याने दिलेला हक्क होता.

कायद्याने कर्ज संपलं नाही, हेही खरं. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्याचे नेते. त्या वेळी खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कुळांना जमीन हवी होती, सावकारांना मोबदला चालणार होता, आणि लढ्यात फूट पडण्याचं ते एक मोठं कारण ठरलं. राजेंद्र व्होरांनी हे सविस्तर मांडलंय. कागदावर नाव कोणाचं, याची किंमत किती मोठी असू शकते हे मुळशीला वेगळं सांगायची गरज नाही.

दोन वह्या

आत्याकडे तिच्या तरुणपणापासूनची एक सवय आहे. वाण्याकडे उधारीची वही असायची, तशीच एक वही तिच्या पिशवीत असायची. गूळ घेतला की वाणी आधी आपल्या वहीत लिहिणार, मग तिच्या वहीत. महिन्याच्या शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. जुळल्या तर पैसे द्यायचे, नाही जुळल्या तर तिथेच भांडायचं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल.

मला ही वही 1879 च्या पासबुकाची धाकटी बहीण वाटते. कायदा आत्याला माहीत नव्हता आणि वाण्यालाही नसावा. पण हिशोब दोघांच्या डोळ्यांसमोर व्हावा, ही रीत मात्र दोघांनाही मान्य होती.

दोन सालं

आता मशीनकडे येऊ. गिऱ्हाइकाने स्वतः वस्तू उचलायच्या, ही कल्पना रुजली ती अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये, 1916 साली. क्लॅरेन्स सॉन्डर्सच्या 'पिगली विगली' या दुकानात. त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच होतं: यादी सांगायची, नोकर सामान काढून देणार. सॉन्डर्सने नोकराचं काम गिऱ्हाइकाला दिलं आणि त्यातून वाचलेल्या पैशात भाव उतरवले. बिल मात्र अजून दुकानाचा माणूसच करत होता.

पुढच्या इतिहासाच्या नोंदी काढताना दोन सालं मला शेजारी शेजारी सापडली. 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानात वाचला गेला. त्याच 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. 1986 मध्ये डेव्हिड हंबल यांनी बनवलेलं, गिऱ्हाइकानेच बिल करायचं मशीन अटलांटाजवळच्या क्रोगर दुकानात बसलं. त्याच 1986 च्या 24 डिसेंबरला आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कार्यकारण काढू नये (माझ्या गाईड वाचत असतील तर: मी काढत नाहीये!). पण दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. आपल्याकडचा प्रवाह म्हणतो, दुकानदाराच्या लिहिण्यावर ग्राहकाची नजर हवी. तिकडचा म्हणतो, लिहिण्याचं काम ग्राहकालाच द्या, पगार वाचेल. हिंजवडीच्या त्या कोपऱ्यात हे दोन्ही प्रवाह एकमेकांना भेटले, आणि नजर उलटी फिरली. आता लिहिणारी मी आहे, म्हणून संशय माझ्यावर. मशीनवरचा कॅमेरा, कार्ड लावणारी मुलगी, दारातला वॉचमन, सगळे माझंच लिहिलेलं तपासतात. तेल दोनदा लागलं हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच दिसलं नाही, कारण ती नजर दुकानाचं नुकसान शोधायला ठेवलेली आहे, माझं नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

स्वतः काम करण्याला माझा विरोध नाही. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, आधी यादी देतात, सामान एका घरी येतं आणि सदस्यच ते वाटून घेतात, हिशोबही पाहतात. तिथेही कॅशियर नाही. पण वाचलेले पैसे सदस्यांचे आणि तपासणारेही सदस्यच. मशीनवर मी कॅशियरचं काम फुकट केलं, तरी माझं तेल एका रुपयानेही स्वस्त झालं नाही.

तिकडेही आता सगळे खूश आहेत असं नाही. इंग्लंडमधल्या 'बूथ्स' या सुपरमार्केटने 2023 मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतून ही मशीनं काढायचं ठरवलं. आपल्याकडे ती किती पसरतील, यावर मी पैज लावणार नाही. पण त्याच आठवड्यात आत्याबरोबर गावाकडे गेले, तेव्हा भाजीवालीकडे क्यूआर कोड स्कॅन केला. डब्यातून आवाज आला, "साठ रुपये प्राप्त हुए." भाजीवालीने ऐकलं, आम्हीही ऐकलं. आत्या म्हणाली, "ह्ये बरं हाय. दोगींनाबी कळलं."

आत्याची वही मला याच गुणाची वाटते. म्हणून मोठ्या दुकानाकडे माझं मागणं छोटंसं आहे: दारात वॉचमन उभा असेल, तर त्याने पावतीत काय कमी आहे तेवढंच बघू नये. काय जास्त लागलंय तेही बघावं.

आणि तुमच्याकडे एक विनंती. घरात माळ्यावर, ट्रंकेत जुनी उधारीची वही असेल, विशेषतः मुळशी, मावळ, वेल्हे भागातली, तर रद्दीत घालू नका. निदान घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर बसून एकदा वाचा. कोणती वस्तू कितीला आली हे तर कळेलच. पण अक्षर कोणाचं आहे आणि आकड्याशेजारी बरोबरची खूण कोणी केलीय, हे जरूर बघा. माझा अर्धा प्रबंध तेवढ्यावरच उभा आहे.