१९ जून १९९८ : पडद्यावर आली 'मुलान'

डिस्नेचा 'मुलान' हा ॲनिमेशनपट १९ जून १९९८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते बॅरी कुक आणि टोनी बॅन्क्रॉफ्ट. म्हाताऱ्या बापाऐवजी पुरुषवेषात लढाईवर जाणाऱ्या मुलीची ही कथा एका प्राचीन चिनी कथाकाव्यातून घेतलेली आहे.

चित्रकारांनी चीनमध्ये फिरून रेखाटने केली होती. चिनी चित्रकलेतली मोकळी जागा आणि मोजक्या रेषा चित्रपटभर दिसतात, पूर्वजांचे देवघरही कथेच्या मध्यभागी आहे. मूळ काव्यातली मुलान बारा वर्षे लढते, बादशहाने देऊ केलेले पद नाकारून घरी येते, जुने कपडे चढवते आणि तेव्हा कुठे सोबत्यांना ती बाई असल्याचे कळते. चित्रपटात हे गुपित लढाईत झालेल्या जखमेवर उपचार होताना फुटते आणि तिच्या जिवावर बेतते. 'मी नेमकी कोण?' हा तिचा प्रश्न मात्र अमेरिकेचा. काव्यातल्या मुलीला तो पडलेलाच नव्हता. तिला बापाची काळजी होती. तरीही बापलेकीची माया दोन्हीकडे सारखीच खरी वाटते, आणि चित्रपटाचे बळ तिथेच आहे.

मुलानला बोलता आवाज मिंग-ना वेन यांचा, तर गाता आवाज लेआ सलोंगा यांचा. चित्रपटाने जगभरात सुमारे ३० कोटी डॉलर कमावले. चीनमध्ये तो १९९९ मध्ये पोहोचला, पण तिथल्या प्रेक्षकांनी त्याला थंडा प्रतिसाद दिला.