भिंतीचे आजोळ

इलेक्ट्रॉनांच्या त्वरकाभोवती जी संरक्षक भिंत उभारतात तिची वंशावळ बहुतेक ग्रंथकार रॉन्टगेनच्या 1895 सालच्या क्ष-किरणांपासून लावतात, आणि तिला आधारही भक्कम आहे. कारण 10 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन 5 सेंटिमीटर पाण्यातच थांबतो, पण जड धातूने त्याला एकाएकी रोखले की त्यातून क्ष-किरण उठतात, आणि शिसे-काँक्रीटचा सारा बंदोबस्त असतो तो त्यांच्यासाठी.

परंतु हे झाले पितृकुळ. भिंतीला आजोळही आहे, आणि ते खाणींत आहे, असे माझे निश्चित मत आहे. तेच किरण पुरेसे प्रखर झाले म्हणजे अणुकेंद्राच्या सान्निध्यात त्यांतून म्युऑनांची जोडी जन्मते. म्युऑन इलेक्ट्रॉनाच्या 207 पट जड असल्यामुळे किरणोत्सर्गात त्याची ऊर्जा फारशी जात नाही. तो वाटेतल्या अणूंना किंचित किंचित देत पुढे सरकतो, आणि पुंजी सरली की थांबतो. क्ष-किरण प्रत्येक थरात ठराविक हिश्शाने घटतात. म्युऑनाला मात्र ठरलेली मजल असते, आणि तिचा हिशेब मुख्यतः वाटेत किती वजनाचे द्रव्य आहे यावर होतो.

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतूनही म्युऑन जमिनीवर पोचतात, आणि हा हिशेब प्रथम त्या किरणांच्या अभ्यासकांनी मांडला. 1930च्या दशकाच्या आरंभी ब्रूनो रॉसीने गणकनळ्यांमध्ये 1 मीटर शिसे रचले, तरी काही कण आरपार गेलेच. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी एकेका खोलीवर उपकरणे मांडून, किती खडकाखाली किती म्युऑन उरतात, याची मोजदाद केली.

प्रतिपक्ष म्हणेल की क्ष-किरणांवाचून त्वरकातला म्युऑन जन्मताच ना. जन्माचा हक्क मी निमूट मान्य करतो. पण त्याला अडवण्याचा कायदा रॉन्टगेनच्या दप्तरात नव्हता. 1966 साली सुरू झालेल्या, 3 किलोमीटर लांबीच्या स्टॅनफर्डच्या त्वरकाचा बोगदा सुमारे साडेसात मीटर मातीखाली आहे, आणि बाजूंना तेवढे आच्छादन पुरते. म्युऑन मात्र झोताच्याच दिशेने सरळ धावतात, आणि 20 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या म्युऑनाला थांबवायला साधारण 40 ते 50 मीटर माती लागते. 1980च्या दशकात तेथेच एका प्रयोगात झोताच्या अडसरापलीकडची 179 मीटरांची टेकडीच आडोसा म्हणून वापरली, आणि शोधयंत्र तिच्याही पलीकडे मांडले. कोलारात खडक उभा मोजत, येथे तो आडवा मोजला.