हवेतलं गुपित

वायफाय हॅक होणं ही आपल्याला अगदी अलीकडची भानगड वाटते. पण बिनतारी निरोपात भर सभेत घुसखोरी झाल्याचा एक किस्सा थेट १९०३ सालचा आहे.

४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग यांचं व्याख्यान होतं. दूर कॉर्नवॉलमधून मार्कोनी संदेश पाठवणार आणि तो इथल्या यंत्रावर उमटणार, असा बेत होता. आपली यंत्रं एकमेकांशी नेमकी जुळवलेली असतात, त्यामुळे निरोप भलत्याच्या हाती पडत नाही, असा मार्कोनींचा दावा. पण ठरलेला संदेश यायच्या आधीच यंत्र टिकटिकू लागलं. आधी 'उंदीर, उंदीर', मागोमाग मार्कोनींची टर उडवणाऱ्या ओळी! हा उद्योग नेव्हिल मॅस्केलिनचा. जादूगारांच्या घराण्यातला हा माणूस बिनतारी यंत्रांचाही जाणकार होता. फ्लेमिंगनी चिडून 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. मॅस्केलिनने आपणच हे केलं असं उघड सांगितलं. दाव्यातली खोट लोकांना दिसायला हवी, हे त्याचं म्हणणं.

मला या गोष्टीचं कुतूहल, कारण आमच्या घरात वकिली आहे. वकिलाच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट अंगवळणी पडते: पक्षकार बोलत असला की आपण तिथून उठून जायचं. यामागे नुसती रीत नाही, कायदाही आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२६ नुसार पक्षकाराने कामासाठी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नसे. (बेकायदा हेतूसाठी केलेल्या बोलण्याला अर्थातच हे संरक्षण नाही.) १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपलं तरी हे बंधन संपत नाही.

हा नियम झाला तेव्हा गुपित राखायचं म्हणजे दार लावायचं आणि कागद कपाटात ठेवायचे. रेडिओलहरींना मात्र दार माहीत नाही.

अमेरिकेत याची गंमत झाली. तिथे १९८६ साली इलेक्ट्रॉनिक संभाषणाला संरक्षण देणारा कायदा झाला, पण कॉर्डलेस फोनच्या हँडसेटपासून त्याच्या बैठकीपर्यंत हवेतून जाणारं बोलणं त्यातून वगळलं होतं. साध्या रेडिओवर जे शेजाऱ्याला ऐकू येतं त्याला खासगी कसं म्हणायचं, हा त्यामागचा विचार. ती पळवाट बुजली १९९४ साली. म्हणजे मधली आठ वर्षं अंगणात कॉर्डलेसवर बोलणाऱ्या वकिलाच्या शब्दांना त्या कायद्याचा आडोसाच नव्हता!

मग आलं वायफाय. १९९७ च्या त्याच्या पहिल्या मानकातच 'वेप' नावाचं कुलूप होतं. नावाचा अर्थच मुळी 'तारेइतकाच खासगीपणा'. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्यातला मूलभूत दोष दाखवला; २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. त्याच्या जागी डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं, आणि २०१७ मध्ये त्यातही फट सापडली. मार्कोनींच्या दाव्याचं जे झालं तेच पुन्हा पुन्हा होत राहिलं.

आपल्याकडे ही गोष्ट फार कडू रीतीने पोचली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोचले. मेल त्या घरातल्या माणसाची नव्हती. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. उघड्या वायफायमुळे आपलं गुपित बाहेर जातं एवढंच नाही, दुसऱ्याचं पाप आपल्या दारात येऊ शकतं, हे तेव्हा अनेकांना कळलं.

वकिलांपुरता प्रश्न कॅलिफोर्नियाच्या बारने २०१० मध्ये थेट घेतला. कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर वकिलाने पक्षकाराचं काम करावं का? बारचं मत असं, की एन्क्रिप्शन, फायरवॉल अशी काळजी न घेता तसं केलं तर गुप्तता आणि व्यावसायिक सक्षमता ही दोन्ही कर्तव्यं मोडण्याचा धोका आहे. घरचं वायफाय नीट सुरक्षित असेल तर हरकत नाही.

त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. आज बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्याला मजकूर सहजी वाचता येत नाही. पण हॉटेलच्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभारू शकतं, आणि भिंतीवर सगळ्यांसाठी लावलेला पासवर्ड म्हणजे सगळ्या गावाला वाटलेली किल्ली. त्यापेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा, असं मी घरच्या वकील मंडळींना सांगतो. (ऐकतात की नाही, देव जाणे!)

असो. या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. 'हे खासगी आहे' असं सांगणारा बहुतेक वेळा ते यंत्र विकणारा असतो, आणि कायदा मागून धापा टाकत येतो. वकिलाची जबाबदारी मात्र त्या दोघांसाठी थांबत नाही. स्वतःचं गुपित धोक्यात घालायची मुभा प्रत्येकाला आहे. पण वकिलाच्या लॅपटॉपमध्ये असतं ते दुसऱ्याचं. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या जमिनीचा वाद, कुणाच्या जामिनाचा अर्ज. वायफाय कुठलं वापरलं, हे त्या माणसाला कुणी विचारलेलंही नसतं.