मुंबई ते लंडन: हवाई अंतर किती, वेळ किती?

मुंबई विमानतळ ते लंडनचे हिथ्रो हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून.

घड्याळ: लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात रात्री २ ला निघून दहा तासांनी उतरलात, तर तिथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतील.

अँटॉप हिलहून: सायनमार्गे टर्मिनल २ सुमारे १२ ते १५ किलोमीटर. तीन तास आधी पोहोचा.

हिथ्रोहून बाबासाहेबांच्या घरी: पिकॅडिली लाईनने लेस्टर स्क्वेअर, तिथून नॉर्दर्न लाईनने चॉक फार्म. पुढे चालत १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. २०१५ पासून इथे स्मारक आहे.

खर्च: राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्कासोबत विमानभाडेही मिळते. तिकीट, बोर्डिंग पास जपून ठेवा.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा बोटीने गेले आणि ते पूर्ण केले. आज वाट दहा तासांची आहे. मित्रांनो, अर्जाची मुदत चुकवू नका. जय भीम!