कनेक्शन पूलिंग (जावा अनुप्रयोग सर्व्हर)

कनेक्शन पूलिंग ही डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्या अनेक विनंत्यांमध्ये आळीपाळीने वापरण्याची पद्धत आहे. जावा अनुप्रयोग सर्व्हरमध्ये (उदा. टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, वेबलॉजिक, वेबस्फिअर) जोडण्यांचा हा साठा सर्व्हर स्वतः सांभाळतो, अनुप्रयोग त्यातून एक जोडणी मागून घेतो, काम संपल्यावर परत करतो. येथील ‘पूल’ या शब्दाचा नदीवरील पुलाशी संबंध नाही. सामायिक साठा या अर्थी तो इंग्रजीतून जसाच्या तसा आला असून मराठी संगणक व्यवसायात तोच रूढ आहे.

पुलाचे मापदंड चुकीचे असल्यास अनुप्रयोग कमी गर्दीच्या वेळी निर्दोष चालतो आणि गर्दी होताच ठप्प होतो. चाचणीत हा दोष सहसा दिसत नाही, म्हणून या मापदंडांना प्रत्यक्ष कार्यवहनात मोठे महत्त्व आहे.

== पार्श्वभूमी ==

जावामधून डेटाबेस वापरण्याचा जेडीबीसी हा मानक संच १९९७ साली जेडीके १.१ सोबत आला. त्यातील मूळ पद्धतीनुसार प्रत्येक वेळी ड्रायव्हर व्यवस्थापकाकडून नवी जोडणी घ्यावी लागे. पुढे जेडीबीसी २.० च्या पूरक भागात ‘डेटासोर्स’ ही संकल्पना आली आणि जोडणी कोठून व कशी मिळते हा तपशील अनुप्रयोगापासून वेगळा झाला. २००२ च्या जे२एसई १.४ पासून हा भाग मूळ जावातच समाविष्ट आहे. त्यामुळे पुढे जावा ईईचे जकार्ता ईई झाले आणि बहुतेक पॅकेजांची नावे बदलली, तरी डेटासोर्सचे ‘जावाएक्स’ हे जुने नाव टिकून राहिले.

== नवी जोडणी महाग का असते ==

जोडणी उघडणे म्हणजे केवळ तार जोडणे नव्हे. पोस्टग्रेएसक्यूएलचे उदाहरण घेतल्यास टीसीपीची एक फेरी, सांकेतीकरणाची विचारणा करणारी एक, टीएलएस १.३ ची एक आणि त्यानंतर आरंभ व स्क्रॅम पद्धतीच्या ओळखपडताळणीच्या तीन अशा किमान सहा फेऱ्या होतात. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो; मायएसक्यूएल सामान्यतः एक थ्रेड देतो.

दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत असतील तर या फेऱ्या जाणवत नाहीत; अंतर वाढले की त्या जाणवू लागतात. समजा, एखाद्या कार्यालयाचा अनुप्रयोग सर्व्हर गडचिरोलीत आणि डेटाबेस मुंबईत आहे. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मार्ग १,००० किलोमीटरचा धरल्यास एका फेरीला (जाणे-येणे मिळून) १० मिलिसेकंद आणि नव्या जोडणीला किमान ६० मिलिसेकंद लागतील. प्रत्यक्षात मार्ग वळणावळणाचा असतो व मधल्या उपकरणांतही वेळ जातो, म्हणून आकडा याहून मोठाच येतो. पूल असल्यास हा खर्च जोडणीमागे एकदाच करावा लागतो.

== कार्यपद्धती ==

सर्व्हर सुरू होताना (किंवा पहिली मागणी येताच) काही जोडण्या उघडल्या जातात. अनुप्रयोग जेएनडीआय या नामनिर्देशिकेतून ठरावीक नावाने डेटासोर्स शोधतो आणि त्याच्याकडे जोडणी मागतो. मिळते ती खरी जोडणी नसून तिच्यावरचे एक आवरण असते. अनुप्रयोगाने ‘क्लोज’ म्हटले की आवरण संपते आणि आतील जोडणी पुलात परत जाते. जोडण्या सतत बंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या डेटाबेसकडे मात्र त्या तासन्‌तास उघड्या दिसतात, हे कोडे नवशिक्यांना येथेच पडते.

परत आलेल्या जोडणीवर मागील वापरकर्त्याच्या खुणा राहू शकतात: बदललेली विलगीकरण पातळी, बंद केलेले स्वयं-कमिट, अर्धवट सोडलेला व्यवहार. चांगला पूल या गोष्टी पूर्ववत करतो. परंतु अनुप्रयोगाने थेट आज्ञा देऊन बदललेले सत्र-चल किंवा तात्पुरते तक्ते त्याला ठाऊक नसतात, आणि ते पुढच्या विनंतीच्या वाट्याला येतात.

== प्रमुख सर्व्हरांतील मूलभूत मूल्ये ==

मापदंड एकच असला तरी त्याचे नाव व मूलभूत मूल्य प्रत्येक सर्व्हरमध्ये वेगळे आहे. टॉमकॅट आवृत्ती ८ पासून कॉमन्स डीबीसीपी २ वापरतो. त्यात कमाल जोडण्या ८ असून प्रतीक्षेला मर्यादाच नाही. टॉमकॅटचाच दुसरा पर्याय असलेल्या जेडीबीसी-पूलमध्ये कमाल १०० व प्रतीक्षा ३० सेकंद आहे. ग्लासफिशमध्ये किमान ८, कमाल ३२ व प्रतीक्षा ६० सेकंद. वेबलॉजिकमध्ये कमाल १५. वेबस्फिअरमध्ये कमाल १० व प्रतीक्षा १८० सेकंद. वाइल्डफ्लायच्या आयर्नजॅकामार या घटकात कमाल २० व प्रतीक्षा ३० सेकंद आहे. सर्व्हरवर अवलंबून न राहता अनुप्रयोगासोबतच जाणाऱ्या हिकारीसीपी या ग्रंथालयात कमाल १० व प्रतीक्षा ३० सेकंद आहे. २०१८ च्या स्प्रिंग बूट २.० पासून ते त्या चौकटीचा मूलभूत पूल आहे. ‘हिकारी’ हा प्रकाश या अर्थाचा जपानी शब्द आहे.

टॉमकॅटची जोडी विशेष धोक्याची ठरते. विनंत्या हाताळणारे थ्रेड मूलभूत २००, जोडण्या ८ आणि प्रतीक्षा अमर्याद. आठ जोडण्या अडकल्या की उरलेले थ्रेड एकामागून एक रांगेत थिजतात आणि नोंदवहीत कोणतीही त्रुटी उमटत नाही. जुन्या मार्गदर्शकांतून उतरवलेली संरचना हाही एक सापळा आहे: डीबीसीपीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मॅक्सअ‍ॅक्टिव्ह’चे ‘मॅक्सटोटल’ आणि ‘मॅक्सवेट’चे ‘मॅक्सवेटमिलिस’ झाले. जुने नाव लिहिल्यास सर्व्हर सुरू होतो, पण दिलेला आकडा लागू होत नाही.

== पुलाचा आकार ==

जोडण्या जितक्या जास्त तितका वेग जास्त, ही सर्वांत प्रचलित गैरसमजूत आहे. डेटाबेस सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये गाभे मोजकेच असतात. शंभर जोडण्यांवर एकाच वेळी काम आले तर ते गाभे कामांमध्ये अदलाबदल करण्यातच वेळ दवडतात आणि कुलपांसाठीची स्पर्धा वाढते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या समुदायातून आलेले एक ढोबळ सूत्र प्रसिद्ध आहे: गाभ्यांची दुप्पट अधिक चकत्यांची परिणामकारक संख्या. चार गाभे व एक चकती असलेल्या यंत्राला त्यानुसार ९ सक्रिय जोडण्या येतात. हे सूत्र आरंभबिंदू म्हणून ठीक आहे. घनस्थिती साठवणुकीच्या काळात चकत्यांचे पद फारसे अर्थपूर्ण राहिलेले नाही.

मागणीच्या बाजूने अंदाज लिटलच्या नियमाने करता येतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या या नियमानुसार वापरात असलेल्या जोडण्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाच्या विनंत्या गुणिले प्रत्येक विनंतीने जोडणी धरून ठेवण्याचा काळ. वरील गडचिरोली-मुंबई उदाहरणात एका पानासाठी ४० लहान प्रश्न एकामागून एक विचारले जात असतील, तर केवळ फेऱ्यांतच ४०० मिलिसेकंद जातील. सेकंदाला ५० विनंत्या असल्यास सरासरी २० जोडण्या सतत गुंतलेल्या राहतील, आणि त्यांतील बहुतेक काळ डेटाबेस रिकामाच असेल. अनुप्रयोग सर्व्हर डेटाबेसशेजारी हलवून धारणकाळ ४० मिलिसेकंदांवर आणल्यास त्याच कामाला सरासरी २ जोडण्या पुरतात. लांबच्या तालुक्यातील वापरकर्त्याला पान मिळायला एक फेरी लागतेच. तिच्याऐवजी चाळीस फेऱ्या घालणे हा रचनेतील दोष असून पुलाचा आकार वाढवून तो केवळ झाकला जातो.

याच प्रश्नावर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत एस. सुदर्शन यांच्या गटाने संशोधन केले आहे. रवींद्र गुरवन्नवर व सुदर्शन यांच्या २००८ मधील शोधनिबंधात आवर्तनातून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे प्रोग्रॅमच्या पुनर्लेखनाने एका समूहात रूपांतर करण्याची पद्धत मांडली होती. पुढे २०११ मध्ये उत्तराची वाट न पाहता प्रश्न पाठवत राहण्याचे तंत्र प्रसिद्ध झाले. डीब्रिज हे या कामातून निर्माण झालेले साधन जावा प्रोग्रॅमवर चालते. धारणकाळ मुळातच कमी करण्याचा हा मार्ग असल्याने पुलाच्या आकाराच्या चर्चेत तो आधी विचारात घेणे योग्य ठरते.

वरची मर्यादा डेटाबेस ठरवतो. पोस्टग्रेएसक्यूएलची मूलभूत मर्यादा १०० जोडण्यांची असून त्यांपैकी ३ प्रशासकासाठी राखीव असतात. मायएसक्यूएलची १५१ आहे. प्रत्येक अनुप्रयोग सर्व्हरचा पूल स्वतंत्र असल्याने चार सर्व्हरांवर प्रत्येकी ३० ठेवल्यास बेरीज १२० होते आणि ९७ नंतरची मागणी नाकारली जाते. भार वाढला म्हणून पाचवा सर्व्हर जोडला आणि त्यामुळेच यंत्रणा कोसळली, अशा घटनेमागे बहुधा हीच बेरीज असते.

सरासरीवर विसंबताही येत नाही. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पातील सफारीचे आरक्षण ज्या मिनिटाला खुले होते, किंवा तेंदूपत्ता हंगामाच्या मोजक्या आठवड्यांत मजुरीच्या नोंदी जशा येतात, त्या प्रकारच्या कामात वर्षाची सरासरी निरुपयोगी असते. अशा वेळी पूल मोठा करण्यापेक्षा किमान व कमाल मूल्ये समान ठेवून तो स्थिर राखणे आणि जादा विनंत्या थोडा वेळ रांगेत थांबवणे अधिक हितकर असते. गर्दीच्या ऐन क्षणी नव्या जोडण्या उघडण्याचा भार डेटाबेसवर पडत नाही.

== प्रतीक्षा व कालमर्यादा ==

जोडणी मिळण्याची प्रतीक्षा वापरकर्त्याच्या सहनशक्तीपेक्षा आणि समोरच्या प्रॉक्सीच्या मर्यादेपेक्षा कमी हवी. एनजिनएक्स मूलभूत ६० सेकंदांनी उत्तराची वाट पाहणे सोडतो. मागे पूल १८० सेकंद थांबत असेल, तर कोणालाच नको असलेल्या उत्तरासाठी थ्रेड अडकून राहतो. वापरकर्ता दरम्यान पान पुन्हा उघडतो आणि रांगेत आणखी एक विनंती जोडली जाते.

जोडणीचे कमाल आयुष्य (हिकारीसीपीत मूलभूत ३० मिनिटे) डेटाबेस किंवा मधल्या फायरवॉलच्या मर्यादेपेक्षा काही सेकंदांनी तरी कमी ठेवतात. मायएसक्यूएल निष्क्रिय जोडणी २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतो. रात्री कोणी काम करत नसलेल्या कार्यालयात सकाळची पहिली विनंती त्रुटी देते आणि दुसऱ्यांदा तेच पान सुरळीत उघडते, या जुन्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

== तुटलेल्या जोडण्या ==

चंद्रपूर व गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत पावसाळ्यात रस्ते व दूरसंचार मार्ग खंडित होतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा खंडित मार्गावर टीसीपी जोडणी मेली तरी दोन्ही टोकांना ती जिवंत वाटू शकते, कारण ‘जोडणी बंद’ हा निरोपच पोहोचत नाही. लिनक्समध्ये कीपअलाइव्ह तपासणी सुरू केली तरी पहिली चाचणी मूलभूत ७,२०० सेकंदांनी होते. प्रश्न पाठवून उत्तराची वाट पाहत असलेला थ्रेड तोवर, किंवा ही तपासणीच बंद असल्यास अनिश्चित काळ, अडकून राहतो.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. पहिला, जोडणी देण्यापूर्वी ती तपासणे: जावा ६ पासून त्यासाठी ‘इझव्हॅलिड’ ही पद्धत उपलब्ध असून जुनी ‘सिलेक्ट १’ सारखी चाचणी बहुधा अनावश्यक आहे. लांबच्या डेटाबेसला प्रत्येक तपासणीत एक फेरी जाते. म्हणून हिकारीसीपी नुकत्याच वापरलेल्या जोडणीची तपासणी टाळतो. दुसरा उपाय जेडीबीसी ड्रायव्हरची वाचन-कालमर्यादा. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल या दोन्ही ड्रायव्हरांत ती मूलभूत शून्य, म्हणजे अमर्याद आहे. पुलाचे सर्व मापदंड नीट लावूनही ही एक नोंद राहून गेल्यास तार तुटताच संपूर्ण पूल गोठतो, कारण आधीच दिलेल्या जोडण्यांवर पुलाची सत्ता चालत नाही. मर्यादा मात्र सर्वांत लांबलेल्या वैध प्रश्नापेक्षा जास्त हवी, अन्यथा वार्षिक अहवाल मध्येच तुटतात.

== गळती व कोंडी ==

घेतलेली जोडणी परत न करणे याला गळती म्हणतात. ती बहुधा अपवाद उद्भवल्यावरच्या वाटेवर होते. २०११ च्या जावा ७ मधील ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ रचनेने ती बरीच आटोक्यात आली. डीबीसीपी सोडून दिलेल्या जोडण्या परत खेचू शकतो, तर हिकारीसीपी केवळ इशारा देऊन दोषाचे स्थान नोंदवतो. परत खेचण्याची सोय मोहक असली तरी संथपणे चालू असलेल्या खऱ्या कामाची जोडणीही तीत हिसकावली जाते. व्यवहार सुरू ठेवून बाहेरील सेवेच्या उत्तराची वाट पाहणे हाही गळतीचाच सौम्य प्रकार. पोस्टग्रेएसक्यूएलच्या क्रिया-दर्शिकेत अशा जोडण्या ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या स्थितीत दिसतात.

एका विनंतीला एकाच वेळी दोन जोडण्या लागत असतील तर कोंडी संभवते. मुख्य व्यवहार चालू असताना नोंदवहीसाठी स्वतंत्र व्यवहार उघडणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आठ थ्रेडांनी आठही जोडण्या घेतल्या आणि प्रत्येक जण दुसरीची वाट पाहू लागला, तर कोणीच पुढे सरकत नाही. कोंडी टाळणारा किमान आकार थ्रेडसंख्या गुणिले (प्रत्येकी लागणाऱ्या जोडण्या वजा एक) अधिक एक इतका असतो. वरील उदाहरणात ९. दुसरा व्यवहार टाळता आला तर तो टाळणे अधिक श्रेयस्कर.

== बाह्य पूल आणि आभासी थ्रेड ==

सर्व्हरांची संख्या वाढल्यावर पीजीबाउन्सरसारखा मध्यस्थ डेटाबेससमोर ठेवतात. व्यवहारागणिक जोडणी बदलणाऱ्या त्याच्या पद्धतीत सत्राशी बांधलेल्या सोयी चालत नाहीत. आधी तयार केलेल्या प्रश्नांना २०२३ च्या १.२१ आवृत्तीपासून आधार मिळाला.

त्याच वर्षी आलेल्या जावा २१ मधील आभासी थ्रेडांमुळे पूर्वी थ्रेडसंख्येने आपोआप पडणारा बांध नाहीसा झाला आहे. हजारो विनंत्या एकाच वेळी पुलाच्या दाराशी येऊ शकतात, त्यामुळे अशा अनुप्रयोगांत डेटाबेसपर्यंत पोहोचणारा भार प्रामुख्याने पुलाचा कमाल आकार आणि प्रतीक्षेची मर्यादा या दोन आकड्यांवरच नियंत्रित होतो.