मोतिया आणि सोंफिया

सिन्नरला आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. दिवेलागणीला तिथं गर्दी व्हायची ती विड्या वळणाऱ्या बायकांची. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, उठताना गुडघ्यावर हात टेकणाऱ्या बायका. विडीचं पान पूर्व विदर्भातून यायचं, तंबाखू निपाणीहून आणि गुजरातेतून. आमच्या गावचे होते ते फक्त हात आणि गुडघे. ‘अण्णा, रोशाचं तेल द्या हो आठ आण्याचं,’ असं म्हणत त्या पदराखालून छोटी बाटली काढायच्या. माझी आजीही त्यांतलीच. रात्री तिचे गुडघे चोळायचं काम माझं. गुलाब आणि उन्हात वाळलेलं गवत एकत्र केल्यासारखा तो वास अजूनही आला की मला आजीची ताणलेली, सुजलेली कातडी बोटांखाली जाणवते.

अण्णा म्हणजे माझे वडील. कुठल्याही मालाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘रान कुठलं?’ दर नंतर. 1972 साली, दुष्काळात, आमच्याकडच्या कितीतरी बायका विड्या सोडून खडी फोडायला जात होत्या आणि रोशाचं तेल पुरत नव्हतं. नेहमीचा माल आला नाही म्हणून एका नव्या माणसाने डबा आणून दिला. अण्णांनी तळहातावर दोन थेंब घेतले, चोळले, हात नाकाशी नेला आणि पुसून टाकला. ‘याला बाळंतशोपेचा वास आहे. हे आपलं नाही.’ तो माणूस शपथेवर सांगत होता की हे रोशाच्याच गवताचं, भेसळ थेंबाची नाही. अण्णांनी डबा परत केला. मला तेव्हा त्या माणसाची दया आली होती. तो खरं बोलत असावा, असं वाटत होतं.

तो खरंच बोलत असणार, हे समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

रोशा म्हणजे रोहिष गवत. त्याच्या तेलाचं मोठं घर खानदेश. विल्यम डायमॉक नावाचे इंग्रज डॉक्टर मुंबईत सरकारी औषधभांडाराचं काम पाहत होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1890 ते 1893 या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा हिंदुस्थानी वनस्पती-औषधींचा ग्रंथ काढला. त्यात या धंद्याची हकिगत आहे. पश्चिम खानदेशात, विशेषतः अक्राणीच्या उघड्या डोंगरउतारांवर हे गवत माजायचं. पावसाळा सरता सरता, भाद्रपदाच्या सुमाराला, मुसलमान तेलकाढे भिल्लांकडून ते विकत घेत आणि गंजी रचत. ओढ्याच्या काठालाच भट्ट्या लागत, कारण वाफ थंड करायला वाहतं पाणी हवं. खड्डा खणून त्यात चूल, चुलीवर तांब्याचा हंडा, हंड्यात गवत आणि पाणी, तोंड लिंपून बंद. बांबूच्या नळीतून निघालेली वाफ ओढ्यात बुडवलेल्या भांड्यात उतरायची आणि पाण्यावर तेल तरंगायचं. सातपुड्यात पाऊस उघडल्यावरची ती ओली हवा, चुलीचा धूर आणि त्यात हा वास, असं चित्र मी कितीदा तरी मनाशी रंगवलं आहे.

त्यातलं थोडंच तेल आपल्या संधिवाताच्या वाट्याला येई. बाकीचं मुंबईहून तांबड्या समुद्राने जेद्द्याला आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथं ते लिंबाच्या रसाच्या पाण्यात घुसळून, उन्हात ठेवून फिकं केलं जाई आणि बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणत. अक्राणीचं नाव वाटेतच गळून पडलं, याचं मला वाईट वाटतं. ज्या भिल्ल बायाबापड्यांनी ते गवत कापलं, त्यांच्या डोंगराचं नाव त्या बाटलीवर असायला हवं होतं.

तेलकाढे या गवताला दोन नावं देत, हेही डायमॉकने टिपलं आहे. तुरा कोवळा, निळसर पांढरा असताना ‘मोतिया’. तोच पिकून लाल झाला की ‘सोंफिया’. मोतियाचं तेल नाजूक वासाचं आणि किमती. सोंफियाला एकट्याला युरोपात चांगला भाव नसे, म्हणून दोन्ही मिसळत. म्हणजे त्यांच्या लेखी गवत एकच, फरक वयाचा.

अण्णांचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या लेखी फरक जमिनीचा. चरकाच्या कल्पस्थानात देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: कोरडा तो जांगल, पाणथळ तो आनूप आणि मधला साधारण. औषधी घ्यायची ती जांगल किंवा साधारण देशातली. वारुळाजवळची, स्मशानातली घ्यायची नाही. मुळं कधी काढायची, साल कधी, तेही ठरलेलं. अण्णांनी मला हे पोथीतून शिकवलं नाही, एसटीतून शिकवलं. सकाळच्या गाडीने ठाणगावकडे, पट्ट्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथं भाताची खाचरं, गुडघाभर चिखल. दुसऱ्या दिवशी शिर्डीच्या रस्त्याने वावीकडे. तिथं माळ, बाभळी आणि बांधावर आपोआप उगवलेला आस्कंद. एकच तालुका. पश्चिमेला लागून असलेल्या इगतपुरीत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सिन्नरला त्याचा पाचवा हिस्साही कधी कधी गाठवत नाही. ‘हा आनूप, हा जांगल,’ अण्णा खिडकीतून दाखवत. ‘एकाच झाडाला दोन देशांत दोन गुण येतात.’

मग वावीच्या बांधावरचा आस्कंद फुकट मिळत असताना ते नीमचकडचा नागोरी आस्कंद विकत का घेत, असं मी विचारलं होतं. त्यांनी दोन्ही मुळं समोर ठेवली. रानातलं काडीसारखं, लाकडी. नागोरी जाड, मोडल्यावर आतून पिठूळ. ‘हा लावून लावून माणसांत आलेला आहे. तो रानातच राहिला.’ म्हणजे जमिनीपलीकडेही काही असतं, हे त्यांच्या बोलण्यात होतं. त्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं.

रोशाच्या बाबतीत ते नाव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सापडलं. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले ऑटो स्टाप्फ यांनी 1906 मध्ये हिंदुस्थान आणि सिलोनच्या तेलगवतांचा मोठा अभ्यास छापला. त्यानंतर थोड्याच काळात कलकत्त्याला वनस्पती-उत्पादनांचं सरकारी काम पाहणारे आय. एच. बर्किल यांनी दाखवून दिलं की मोतिया पिकून सोंफिया होत नाही. ती एकाच गवताची दोन कुळं आहेत. वरवर पाहिलं तर ओळखू येत नाहीत, पण शेजारी शेजारी लावली तरी मोतिया मोतियाच राहतो.

आतली गोष्ट मला कॉलेजात कळली. दोन्ही कुळं दहा कार्बनांच्या त्याच साखळीपासून सुरुवात करतात. मोतियात ती सरळच राहते आणि तिचं जिरॅनिऑल होतं. गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतं, म्हणून तर ते अत्तरात खपून गेलं. मोतियाच्या तेलात ते तीनचतुर्थांशाहून जास्त भरतं. सोंफियात मात्र साखळीचा बराचसा भाग वळून तिचं कडं होतं, आणि त्यातून लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल, कार्व्होन अशी वेगळी मंडळी तयार होतात. साखळी वळायची की नाही हे विकर ठरवतं, आणि विकर कोणतं हे जनुक.

प्रयोगशाळेत कार्व्होनची बाटली उघडली त्या दिवशी मी हातातलं काम सोडून उभी राहिले. बाळंतशोप! तिच्या दाण्यातला मुख्य वास कार्व्होनचाच. अण्णांनी 1972 साली तळहातावर जे ओळखलं ते हे. तेव्हापासून ‘सोंफिया’ हे नाव ऐकलं की मला त्यात सोंफच ऐकू येते.

तो डबा आणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. गवत रोशाचंच होतं, कुळ दुसरं होतं. आणि अण्णांचा प्रश्नही वाया गेला नव्हता. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर विरळ ठोंबांनी वाढतो. सोंफिया सखल, ओलाव्याच्या जागी दाट माजतो. रान विचारून अण्णा नकळत कुळ विचारत होते. तेलकाढ्यांचं वयही अगदीच चुकीचं नव्हतं: मोतियाच्या कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिऑल बरंचसं ॲसिटेटच्या रूपात बांधलेलं असतं, त्याचा वास फळासारखा गोडसर. तुरा पिकत जातो तसं ते सुटं होत जातं. शंभर वर्षं लोक एकाच गवताभोवती उभे राहून आपापल्या बाजूचं खरं सांगत होते.

याच्या उलटही घडतं, आणि त्याची एक कथा त्याच मुलखात सुरू होते. 1925 मध्ये नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ झाले. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळद्रव्य वेगळं केलं. 1972 मध्ये तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं. दोन झाडांची कुळं वेगळी, रसायन एक. पुढे कोकणात आणि घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड इतकी झाली की काही रानांतून तो दिसेनासा झाला. कोणत्या रानातल्या झाडात द्रव्य जास्त उतरतं हे मोजायला तिथली झाडं उभी असायला लागतात, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं.

अण्णांची चोपडी माझ्याकडे आहे. माल, वजन, दर, आणि चौथा रकाना ‘रान’. हिरडा, पट्ट्याचा डोंगर. आस्कंद, नीमच. रोशा, अक्राणी, उताराचा. हल्ली मी बाजारातून तेलाची बाटली आणते. तिच्यावर तारीख असते, किंमत असते, चौथा रकाना नसतो. मग मी झाकण उघडून दोन थेंब तळहातावर घेते.

1972 च्या पानावर अण्णांच्या अक्षरात एक ओळ आहे: रोशा, डबा एक, रान सांगत नाही, बाळंतशोपेचा वास. परत.