चांदवड १९८६ आणि पिंजऱ्यातल्या दोन बाटल्या (थ्रेड)

१/ मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवड बहुतेकांना अहिल्यादेवी होळकरांच्या रंगमहालासाठी व रेणुकामातेच्या मंदिरासाठी ठाऊक असते. नोव्हेंबर १९८६ मध्ये मात्र ते वेगळ्याच कारणाने गाजले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवरून ग्रामीण स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन येथे भरले आणि शेतकरी महिला आघाडी उभी राहिली.

२/ आघाडीने पुढे हाती घेतलेल्या लढ्यांत गावातील दारूदुकान बंद करण्याचा लढा होता. रोख पिणाऱ्यापेक्षा दुकानावर होता. व्यसनाचे मूळ माणसाच्या मनात की हाताशी असलेल्या बाटलीत? हाच प्रश्न प्रयोगशाळांतही अनेक दशके विचारला जात होता. तेथे साक्षीला होते उंदीर.

३/ १९४० साली अमेरिकेत कर्ट रिक्टर व कॅथरिन कॅम्पबेल यांनी उंदरांपुढे पाणी आणि मद्यार्काचे द्रावण असा पर्याय ठेवला. फिके द्रावण उंदीर आवडीने पीत. तीव्र द्रावण टाळत. एकीत पाणी, दुसरीत मद्य, ही दोन बाटल्यांची पद्धत आजही रूढ आहे.

४/ १९५९ मध्ये मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी उंदरांचे वेगवेगळे वंश तपासले. एक वंश मद्याकडे धावे, दुसरा त्याला क्वचितच तोंड लावी. पिंजरा सारखा, अन्न सारखे, तरी वागणे निराळे. मद्याची आवड अंशतः वंशातून उतरते, याचा हा ठोस पुरावा होता.

५/ पण आवड वेगळी आणि ओढ वेगळी. १९५४ साली मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स व मिल्नर यांना दिसले की मेंदूच्या ठराविक भागाला विजेचा सौम्य स्पर्श मिळावा म्हणून उंदीर पुनःपुन्हा कळ दाबतो. १९६१ मध्ये हॉडोस यांनी ओढ मोजण्याची युक्ती काढली: प्रत्येक बक्षिसासाठी कळ अधिकाधिक वेळा दाबायला लावायची. प्राणी ज्या आकड्यावर नाद सोडतो, तेच त्याच्या ओढीचे माप. पुढे हेच माप मद्यालाही लावले गेले.

६/ १९८८ मध्ये इटलीतील दी किआरा व इम्पेरातो यांनी दाखवले की मद्यामुळे उंदराच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित केंद्रात डोपामिन वाढते. १९९३ मध्ये रॉबिन्सन आणि बेरिज यांनी त्यापुढचा सिद्धान्त मांडला: व्यसनात सुख वाढत नाही, हव्यास वाढतो. गोडी सरते, ओढ उरते.

७/ या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग १९६० च्या दशकाच्या अखेरचा. सिंक्लेअर व सेंटर यांनी मद्याला सरावलेल्या उंदरांसमोरून बाटली काही काळ काढून घेतली. ती परत येताच उंदीर पूर्वीपेक्षा अधिक प्यायले. बाटली हलवल्याने ओढ पुसली जात नाही.

८/ मग दारूदुकानाविरुद्ध उठलेल्या स्त्रिया चुकल्या का? नाही. उंदीर बाटली स्वतः पिंजऱ्यात आणत नाही. ती कोणीतरी ठेवतो. गावात दुकानाला परवाना देणाराही कोणीतरी असतोच. मात्र दुकान बंद झाल्यावर उरणाऱ्या ओढीसाठी उपचार लागतात. त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. आधी माकडांवर आणि उंदरांवर पारखलेल्या नाल्ट्रेक्सोन या औषधाला १९९४ मध्ये अमेरिकेत मद्यासक्तीवरील उपचारासाठी मान्यता मिळाली.

९/ प्रयोगशाळेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. उंदराला मजुरी नसते, कर्ज नसते, घरी वाट पाहणारी लेकरे नसतात. पिंजऱ्यातील माप पिणाऱ्याची ओढ सांगते. त्या ओढीची किंमत कोण चुकवतो, हे सांगत नाही. ते चुकवणाऱ्या स्त्रियांनीच सांगितले.

१०/ पुढे महाराष्ट्रात गावाला मतदानाने दारूदुकान बंद करण्याचा अधिकार मिळाला. मतपत्रिकेवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. प्रयोगशाळेतही बाटल्या दोनच होत्या. पण तेथील उंदराला पिंजऱ्यात काय ठेवावे यावर मत देता येत नव्हते.